मागच्या खोलीचा टर्मिनल ब्लॉक

१२ एप्रिल, सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. घरातल्या वायरिंगचं काम माझ्या देखरेखीखाली निघतं आहे, आणि उद्या काही विचारणा झाली तर लेखी पुरावा हवा. तेहतीस वर्षं विमा कंपनीत आगीचे क्लेम पाहिले. ‘आगीचे कारण : शॉर्ट सर्किट’ हे माझ्या हातून किती हजार वेळा लिहिलं गेलं असेल याची गणतीच नाही. प्रत्यक्ष आग एकही पाहिली नाही. तशी गरज पडली नाही.

पार्श्वभूमी. २५ मेला मुलगा वेदांत आणि सून मिताली पुण्याहून येणार, अवनीला घेऊन. अवनी म्हणजे नात, सात महिन्यांची. आजवर तिला मी फक्त मोबाईलवर पाहिलं आहे. त्यातही मिताली फोन कुठेतरी ठेवून देते आणि निम्मा वेळ त्यांचा पंखा दिसतो. ३१ मेला तिचं उष्टावण इथे, जयपूरला, आमच्या घरी. पहिली खीर खरं म्हणजे मामानं भरवायची. पण मामा संकेत बंगळुरात, त्याला रजा नाही, म्हणून मान माझ्याकडे आला. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण मला फार आनंद झाला आहे.

अडचण एकच. त्यांची खोली मागची, पश्चिमेची. मे महिन्यात तिथे पापड भाजता येतील. एसी आणून ठेवला आहे. पण मेन बोर्डापासून त्या खोलीच्या दारापर्यंत बिल्डरनं चौऱ्याण्णव साली टाकलेली अॅल्युमिनियमची तार आहे, आणि एसीपासून दारापर्यंत येणारी नवी तार तांब्याची. दोन्ही जिथे भेटतील तिथे टर्मिनल ब्लॉक लागणार. म्हणजे दोन तारांची टोकं स्क्रूखाली घट्ट पकडून ठेवणारी ठोकळी. दिसायला एवढीशी. पण घर जळतं ते तिथूनच.

ब्लॉकची निवड मी स्वतः करणार. तीन दिवसांत काम खलास.

१३ एप्रिल

मुरलीधर इलेक्ट्रिशियन येऊन गेला. चौमूंहून मोटारसायकलवर येतो. कॉलनीतली सगळी कामं बावीस वर्षं हाच करतो, म्हणून कॉलनीत दिवे जातात. चार मिनिटं भिंत पाहिली, दहा मिनिटं चहा प्यायला, आणि म्हणाला, “बाबूजी, जोड़ ही मत रखो.” मेन बोर्डापासून थेट एसीपर्यंत एकच अखंड नवी तार ओढायची म्हणे. अर्ध्या दिवसाचं काम.

मी हसलो. जोडच नको! उद्या वैद्यही म्हणेल, आजारच नको. अहो, अखंड तार कोणीही ओढेल. ज्ञान दिसतं ते जोडात. त्याला सांगितलं, ब्लॉक ठरला की बोलावीन, तोवर त्रास घेऊ नये. जाताना बायकोनं, सुमननं, त्याला पन्हं दिलं. कशाबद्दल, ते कळलं नाही.

१५ एप्रिल, दुपारी ३

परकोट्याच्या आत, म्हणजे जुन्या तटबंदीतल्या शहरात, इलेक्ट्रिकच्या बाजारात गेलो होतो. पहाटे साडेपाचला उठून जायचं ठरवलं होतं. आठला उठलो. तरी काही बिघडलं नाही, कारण दुकानं साडेअकराला उघडली. या शहरात सकाळ ही गोष्ट फक्त कबुतरांना माहीत आहे.

पाच प्रकारचे ब्लॉक निघाले. पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, चिनीमातीचा, काळा बेकेलाइटचा, पितळी, आणि खटका दाबून तार घुसवायचा. दुकानदाराला टेक्निकल कॅटलॉग मागितला. त्यानं कॅलेंडर दिलं. वर सल्ला, सगळे नेतात ते घेऊन जा. सगळे! सगळ्यांच्या घरांचे क्लेम मी पाहिले आहेत.

१६ एप्रिल

रीतसर पद्धत ठरवली. ऑफिसात साधं कपाट घ्यायचं तरी तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय मी कागद पुढे सरकू दिला नाही. इथे तर नातीचा प्रश्न आहे. तक्त्यात नऊ रकाने : माल, अँपिअर, तापमान, स्क्रूची जात, वगैरे. शेवटचा ‘शेरा’. निवड समितीत मी अध्यक्ष, सुमन सदस्य. तिच्यापुढे कागद ठेवला तर तिनं न वाचता सही केली आणि कणीक मळायला गेली. अशा सह्यांनी कंपन्या बुडाल्या आहेत.

२० एप्रिल

पहिली निवड : पांढरी पट्टी. वर स्पष्ट ‘१५ अँपिअर’ छापलेलं आहे. तीन दिवस होऊन गेले हे खरं, पण समितीची बैठक शनिवारी झाली नाही. सदस्य माहेरच्यांशी फोनवर होती.

थेट भिंतीत बसवणं हा अडाणीपणा. आधी चाचणी. एक्स्टेन्शनच्या वायरमध्ये पट्टी जोडली आणि इस्त्री लावली. स्क्रू मुद्दाम हलके पिळले होते, नंतर काढायला सोपे जावेत म्हणून. वीस मिनिटांत वास आला. पट्टी वितळून टेबलाला चिकटली.

निष्कर्ष : इस्त्री सदोष. सुमन कपडे घेऊन शेजारी प्रभाकरकडे इस्त्री करायला गेली. प्रभाकर बँकेतून रिटायर झाला. मूळचा वाईचा, पण आता निम्मं हिंदीत बोलतो. त्याच्या घरात भिंतीआड कोणती तार कुठे जाते याची त्याला काडीची कल्पना नाही, सगळं मुरलीधरवर सोपवलेलं. आणि तरीही हा माणूस दुपारी दोन तास झोपतो. बँकेतली माणसं.

२३ एप्रिल

सुमननं परस्पर मुरलीधरला फोन केला. तो म्हणाला म्हणे, जोड ठेवायचाच असेल तर बाबूजींना सांगा चिनीमातीचा घ्या, फक्त घट्ट पिळा. चिनीमातीत लोणचं घालतात. तरी माझ्यावर पूर्वग्रहाचा आरोप नको म्हणून एक आणला आणि घट्ट पिळला. मधोमध तडकला.

हलका पिळला तर वितळतो, घट्ट पिळला तर फुटतो. माल कोणत्या दर्जाचा आहे ते यावरून कळतं. ‘शेरा’ रकान्यात लिहिलं : नामंजूर.

२९ एप्रिल, रात्री

बाजार या जातीवरचा माझा विश्वास उडाला. ऑनलाइन मागवले. शंभर नग, कारण कमी मागवले की घरी आणून द्यायला कां-कूं करतात. चार तारखेला येतील. पाचला बसवून मोकळा.

४ मे

नग आले. दिसायला देखणे. तार आत जात नाही.

तार जाड आहे.

४ मे, संध्याकाळी ६

उपाय सापडला. तांब्याच्या तारेत सात पदर आहेत. त्यातले तीन कापले तर उरलेले चार ब्लॉकमध्ये अगदी बेतानं बसतात. पक्कड घेऊन बसलो तर सुमन मागे उभी. म्हणाली, मग कंपनीनं ते तीन कशाला घातले असतील? बायकांना अशा शंका येतात. तिला ‘सेफ्टी मार्जिन’ ही संकल्पना समजावून सांगितली. मार्जिन असतं ते वापरायलाच. ऐकून घेतलं.

६.२० : पक्कड सापडत नाही.

५ मे

पक्कड सापडत नाही. घरात वस्तू जागेवर ठेवण्याची शिस्त राहिलेली नाही.

८ मे

आज त्रेचाळीस अंश. लू, म्हणजे इथला भाजणारा वारा, सुरू झाली. दारं-खिडक्या बंद करून बसलो तरी चादर गरम लागते.

वेदांतचा फोन. मुलगा इथेच वाढला. मराठी बोलतो, पण तिच्यात अर्धं राजस्थान मिसळून. मी त्याला पाच प्रकार, नऊ रकाने, तांबं आणि अॅल्युमिनियम यांचं एकमेकांशी का पटत नाही, हे सगळं सांगत होतो. मध्येच म्हणाला, “बाबा, मतलब, एक वायर ओढून घ्या ना सरळ.” हे मुरलीधरचं वाक्य पुण्यापर्यंत कसं पोचलं, देव जाणे.

मग मुद्द्यावर आला. अवनीला पुण्यातच घामोळं उठतं. इथल्या उन्हात एसीशिवाय तिला एक रात्रही ठेवणार नाही. वीस तारखेपर्यंत खोली तयार नसेल तर ते सी-स्कीममधल्या एका हॉटेलात उतरतील. खोली धरून ठेवली आहे. उष्टावणही तिथेच करता येईल, मितालीनं विचारून ठेवलंय, त्यांच्याकडे छोटा हॉल आहे.

फोन स्पीकरवर होता, तो सुमननं ठेवला. कपाटातून वेदांतच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, रांगोळीनं घासली, पुसली, आणि परत कपाटात ठेवली. मी पेपर वाचत होतो. एक ओळ डोक्यात शिरली नाही. नातीला हॉटेलातल्या हॉलमध्ये जाऊन भेटायचं, नाव लिहून आत जायचं, हेच डोक्यात फिरत राहिलं. इथे लिहायला हरकत नाही.

९ मे

काल उगाच हळवा झालो. माणसानं उष्णतेत निर्णय घेऊ नयेत. आजपासून : (१) सकाळी सहाला उठणे. (२) साखर बंद. (३) ब्लॉक दोन दिवसांत.

१० मे

साखर सोमवारपासून. मोठी गोष्ट म्हणजे, निवड झाली.

मी इतके दिवस घरगुती माल पाहत होतो, तिथेच चूक झाली. म्हणजे माझी नाही, बाजाराची. कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसतो तसा ब्लॉक हवा. पट्टीवर सरकवून बसवायचा, प्रत्येक तारेला वेगळं घर, आणि प्रत्येक घरात सुरीसारखी एक पात. पात वर उचलली की सर्किट तुटतं, खाली केली की जुळतं. म्हणजे स्क्रूला हात न लावता हवं तेव्हा बंद करून दाखवता येतं. बंद करून दाखवायची वेळ कशाला येईल, असं सुमननं विचारलं. ‘शेरा’ रकान्यात लिहिलं : शंका गैरलागू.

असा माल बस्सीला, आगरा रोडवर, पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मिळतो. चौदाला जातो.

१४ मे, संध्याकाळी ६

बस्सीहून परत. बसमध्ये खिडकी बंद ठेवली तर गुदमरतं, उघडली तर भाजतं.

सकाळी सुमननं डबा भरून दिला. दशम्या, चटणी, ताकाची बाटली, वर डोक्याला बांधायला ओला पंचा. म्हणाली, ऊन उतरल्याशिवाय निघू नका, पाचच्या आत घरी यायची मुळीच घाई करू नका. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, ही काळजी प्रथमच दिसली. उशिरा का होईना, किंमत कळते.

वर्कशॉपवाला जेवायला गेला होता. दोन तास थांबलो. आल्यावर त्याला पट्टीपासूनचा सगळा इतिहास सांगायला घेतला, तर चिनीमातीपर्यंत पोचण्याआधीच त्यानं ब्लॉक आणि बसवायची पट्टी हातात ठेवून मला बसस्टॉपचा रस्ता दाखवला. कामात बुडालेली माणसं आदर असाच व्यक्त करतात.

घरी आलो तर पॅसेजमध्ये पांढरी धूळ. मेन बोर्डावरही. सुमन म्हणाली, जळमटं काढली. जळमटं चुन्याची कधीपासून झाली? पण वाद घातला नाही. कोपऱ्यावर मुरलीधरची मोटारसायकल दिसली. प्रभाकरकडे असणार. त्याच्याकडे रोज काहीतरी बिघडलेलं असतं.

१५ मे — ऐतिहासिक

दहा वाजता मुरलीधरला बोलावलं आणि ब्लॉक दाखवला. वाटलं होतं, पुन्हा अखंड तारेची टेप लावेल. नाही. म्हणाला, वा बाबूजी. एकही शब्द उलटा नाही. माणूस शिकतो, फक्त शिकवणारा भेटावा लागतो.

मागच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवरच्या डब्यात ब्लॉक बसवला. भिंतीतून आलेल्या तारांची टोकं त्यानं आधीच सोलून, सारखी कापून तयार ठेवली होती. ही शिस्त प्रथमच पाहिली. मी प्रत्येक तारेला माझ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या : एक, दोन, तीन. स्क्रू त्यानं पिळले, किती पिळायचे ते मी सांगितलं. वीस मिनिटांत काम झालं.

एसी लावला. सुरू झाला. पाच मिनिटांत खोली महाबळेश्वर. सुमननं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, धूळ गेली. मी वेदांतला फोन केला आणि एवढंच म्हणालो, हॉटेल रद्द कर. बाकी तपशील चाळीस मिनिटं सांगितले. त्याच्याकडचा आवाज मध्येच गेला होता, ते नंतर कळलं.

१७ मे

एसी सलग चार तास चालवला. दर अर्ध्या तासानं ब्लॉकवर हात ठेवून पाहिलं. गार. जोड गरम झाला की समजावं आग जवळ आली. हा भर उन्हात माठासारखा गार. तक्ता केला आहे : तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, ब्लॉकची स्थिती. शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द.

२० मे

टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. टेस्टर खराब. फेकला.

२१ मे

नवा टेस्टर आणला. ब्लॉकवर लावला, दिवा लागला नाही. मेन बोर्डावर लावला, लागला. बराच वेळ विचार केला. उत्तर सोपं निघालं : लीकेज शून्य. वीज इतक्या नेटानं आतून जाते आहे की टेस्टरलाही पत्ता लागत नाही. मुरलीधरला फोन करून हे सांगितलं. त्यानं दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाला, जी बाबूजी, ऐसा ही होगा. त्याच्या आकलनापलीकडचं होतं.

२५ मे, रात्री ८

आली.

मला पाहून रडली. लहान मुलं अनोळखी चेहऱ्याला रडतात, यात माझा काही दोष नाही. दूध प्यायल्यावर कडेवर घेतली. वजन सात किलोच्या वर असावं. केसांना एक वास येतो, तो मोबाईलवर कळत नाही. तिला घेऊन दाराशी गेलो आणि डबा दाखवला. सांगितलं, हे आजोबांनी तुझ्यासाठी बसवलंय. तिनं झाकणावर पंजा आपटला. अर्थात झाकण बंद होतं, आत वीज आहे. मग त्या गार खोलीत ती चार तास उताणी झोपली. अंगावर एक पुटकुळी नाही.

मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. सुमन म्हणाली, आत या की. म्हटलं, ठीक आहे इथे. तिथून ती नीट दिसत होती.

२८ मे

वेदांतला ब्लॉकची निवडप्रक्रिया समजावून सांगितली. तो पूर्ण वेळ मोबाईलकडे पाहत होता. ही पिढी कशाचाही जोड नसलेली आहे. नंतर स्वयंपाकघरात सुमन आणि तो काहीतरी बोलून हसत होते. मी गेल्यावर गप्प झाले. वडिलांबद्दल कौतुकानं बोलत असताना वडील समोर आले की होतं असं.

३० मे, रात्री १०

उद्या उष्टावण. कॉलनीतली आणि माझ्या ऑफिसातली मिळून आठ मराठी कुटुंबं येणार. ठरवलं आहे की खीर भरवण्याआधी दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक द्यायचं. सगळ्यांदेखत पाती उचलायच्या. एसी बंद पडेल. पाचपर्यंत मोजायचं. पाती खाली करायच्या. एसी सुरू. मग दोन शब्द. प्रभाकर तर पुढच्याच खुर्चीवर हवा.

सुमनला सांगितलं. तिच्या हातातला शेवयांचा डबा तसाच राहिला. “अहो, उघडू नका ते.” का, म्हटलं. म्हणाली, सणासुदीला कशाला विजेशी खेळ. पुन्हा तासाभरानं म्हणाली, माझं ऐका, नका उघडू. मग वेदांतला माझ्याकडे धाडलं. तोही तेच. दोघं विजेला इतकी घाबरतात हे मला माहीत नव्हतं. भीतीचा उगम अज्ञानात असतो, हे वाक्य उद्याच्या भाषणात सुरुवातीला घेतलं.

३१ मे, संध्याकाळी ५

जे घडलं ते क्रमानं लिहितो.

अकरा वाजता सगळे मागच्या खोलीत आणि दारात जमले. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. दुसरीकडे कोण बसणार? अवनी जरीचं परकर-पोलकं घालून मितालीच्या मांडीवर. सुमन वाटी घेऊन कोपऱ्यात. भाषण बरं झालं. अज्ञानाच्या वाक्याला प्रभाकरनं मान डोलावली. मग डब्याचं झाकण काढलं. म्हटलं, आता एसी पाच सेकंद बंद पडेल, कोणी घाबरू नये.

पहिली पात उचलली. एसी चालू.

दुसरी. एसी चालू.

तिसरी. एसी चालूच. अवनीच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं उडत होते. मी पाचपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत. प्रभाकर पुढे सरकला, डब्यात डोकावला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “वसंतराव, मग हे कशाचं आहे?”

मी एक नंबरची तार जरा ओढून पाहिली. ती ब्लॉकमधून सुटून भिंतीतूनही बाहेर आली. सगळीच आली. वीतभर होती. दुसऱ्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. दोन नंबर तशीच. तीन नंबर ओढली नाही.

मेन बोर्डावरची पांढरी धूळ आठवली. ओला पंचा, दशम्या. टेस्टर आठवला. तो बिचारा चांगला होता, उगाच फेकला.

आठ कुटुंबं माझ्याकडे पाहत होती. मुलगा जमिनीकडे. माझ्या हातात वीतभर तार, तिच्यावर माझ्या अक्षरातला एक. मी म्हणालो, “स्टँडबाय.”

कुणालाच काही कळलं नसावं. माझं मलाही कळलं नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून सुमन म्हणाली, “हो. मीच म्हटलं होतं, असू दे घरात जास्तीचा एक.” आवाज अगदी नेहमीचा, भाजीत मीठ किती ते सांगावं तसा. पुढे आली, माझ्या हातातली तार काढून घेतली आणि तिथे वाटी ठेवली. सगळ्यांना म्हणाली, चला, मुहूर्त टळायला नको.

सोन्याची अंगठी खिरीत बुडवून अवनीच्या ओठांना लावली. तिनं अंगठी सोडली आणि माझं बोट धरून चावलं. दात नाहीत, पण जोर भरपूर आहे. पुढची पाच मिनिटं मी खाली मान घालून तिला खीर भरवत होतो. ते बरं झालं.

जाताना प्रभाकरनं मला बाजूला घेतलं. त्याला त्याच्याकडेही एक स्टँडबाय बसवून हवा आहे. बँकेतली माणसं.

३१ मे, रात्री ९.३०

सुमनला विचारलं, कधी. म्हणाली, तुम्ही बस्सीला गेलात त्या दिवशी. मेन बोर्डापासून एसीपर्यंत एकच अखंड तार, दीड वाजता काम संपलं. मग मुरलीधर तुम्ही येईपर्यंत प्रभाकररावांकडे झोपला होता, उद्या ब्लॉक कसा बसवायचा ते ठरवून. मी म्हटलं, मला सांगायचं होतं. ती म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर पोर हॉटेलात झोपली असती.”



१ जून, सकाळी ७.१५

सगळे झोपले आहेत. अवनी लवकर उठली म्हणून तिला घेऊन पॅसेजमध्ये आलो. रात्री कोणीतरी दोन्ही तारा परत भिंतीत खोचून, ब्लॉकला जोडून ठेवल्या आहेत. चिठ्ठ्या सरळ, एक, दोन, तीन. सुमनला स्क्रू पिळता येतात हे मला माहीत नव्हतं. पक्कड खालच्या फळीवर होती.

अवनीनं डब्याकडे हात केला. आज पहिल्यांदाच तिच्यासाठी झाकण उघडलं. आता हरकत नाही. तिचा तळवा ब्लॉकवर टेकवला, मग माझा. तक्त्यात वेळ लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात नेहमीप्रमाणे : गार.